बोअरचं पाणी आणि माझ्या झिंज्या

आमच्या घराण्यात कुरळे केस आत्याकडून येतात आणि टोमणे आजीकडून. आत्या लग्न होऊन हैदराबादला गेली, त्यामुळं घाटनांदुरात या दोन्हींचा मुक्काम माझ्या एकटीच्या डोक्यावर आहे. नुसते कुरळे असते तर काही म्हणणं नव्हतं. सिनेमातल्या नायिकेचे असतात ते कुरळे निराळे. माझे राठ, कोरडे, आणि एकाच डोक्यावर राहून एकमेकांशी अबोला धरलेले. मी शाळेत असताना टीव्हीवर झाकीर हुसेन यांची चहाची जाहिरात लागायची. ते मान हलवायचे, केस उडायचे आणि सगळा देश ‘वाह’ म्हणायचा. मी प्रार्थनेत मान हलवली की बाई म्हणायच्या, “उद्या तेल चोपडून, दोन वेण्या घालून ये.”

या केसांचं शास्त्र तसं सोपं आहे. सरळ केस ज्या मुळातून उगवतो त्याचा छेद गोल असतो, कुरळ्याचा चपटा, लंबगोल. टाळूला सुटणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून शेंड्यापर्यंत बिनबोभाट उतरतं. कुरळ्या केसावर मात्र त्याची गत धारूरच्या घाटात अडकलेल्या मालट्रकसारखी होते. प्रत्येक वळणावर खोळंबा, आणि शेवटच्या मुक्कामी माल पोचतच नाही. म्हणून टाळू तेलकट आणि शेंडे वाळलेले. हे मला कळायला अर्धं आयुष्य गेलं. आजीला कळलेलं नव्हतं, पण तिचा उपाय तोच होता: तेल. इतकं तेल, की माझ्या वहीच्या पानांवर पलीकडच्या बाजूचं अक्षर दिसायचं.

घाटनांदूर म्हणजे परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं स्टेशन. जवळच्या अंबाजोगाईला योगेश्वरी आहे, मुकुंदराज आहेत, दासोपंत आहेत, मेडिकल कॉलेज आहे. पण रेल्वे नाही. ती आमच्याकडं. त्यामुळं अंबाजोगाईकर आम्हाला मान देतात, गाडीची वेळ विचारण्यापुरता. तर या स्टेशनावर एकदा ऐन एप्रिलमध्ये माझी आतेबहीण उतरली. रात्रभर गाडीत बसून आलेली, आणि तरी केस कसे? एकेक बट सुटी, वळणदार, चमकदार. तेच आत्याचे केस! एकाच खाणीतला माल, आणि तिच्याकडं हिरा अन् माझ्याकडं खडी. मी तिथंच, फलाटावर, तिचं दप्तर... म्हणजे बॅग हातात घेता घेता विचारलं, “काय लावतेस?”

जाताना ती अर्ध्या अर्ध्या बाटल्या आणि एक कागद ठेवून गेली. कागदावरचं शास्त्र मूळचं न्यूयॉर्कच्या लोरेन मॅसी या केशकर्तनकार बाईंचं. त्यांनी 2001 साली ‘कर्ली गर्ल’ नावाच्या पुस्तकात ते मांडलं आणि जगभरच्या कुरळ्या बायकांनी डोक्यावर घेतलं. शॅम्पू सोडा. केस कंडिशनरनंच धुवा. कोरड्या केसांत कंगवा घालू नका. टॉवेलनं खसाखसा पुसू नका, जुन्या सुती बनियनमध्ये गुंडाळा. बहिणीनं खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली होती: ‘शॉवरखाली भरपूर वेळ उभी राहा.’

आमच्याकडं शॉवर आहे. घर बांधताना मिस्तरीनं हौसेनं बसवला. त्यातून पाणी आलं ते वास्तुशांतीला, पाहुण्यांना दाखवण्यापुरतं. तेव्हापासून त्याच्यावर आई चड्डी-बनियनं वाळत घालते. हे न्यूयॉर्कला कळवायचं कसं? 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. पहिल्या गाडीला 10 डबे, डब्याला सुमारे 50 हजार लिटर. ती गाडी कुर्डुवाडीकडून लातूरला गेली, आमच्या स्टेशनावरून नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या ज्या जिल्ह्यानं टँकरमागं घागरी घेऊन पळणं पाहिलं, तिथं मी मोरीत बसून केसांतला कंडिशनर उतरवायला तिसरी बादली ओढली, तेव्हा आजी दारात येऊन उभी राहिली.

“काय करायलीस गं?”

“केस धुतेय.”

“मानसाला प्यायला पानी न्हाई, अन् हिच्या झिंज्याला धबधबा पायजे!”

तिसरी बादली तिनं उचलून तुळशीला नेली. कंडिशनर अर्धा डोक्यातच राहिला. बाबांचं जुनं बनियन डोक्याला गुंडाळून मी बाहेर आले, आणि नेमका दूधवाला दारात. त्यानं माझ्याकडं पाहिलं, बनियनच्या खांद्यावरच्या भोकाकडं पाहिलं, आणि त्या दिवशी पैशाचं काही बोलला नाही. आमच्यावर काहीतरी प्रसंग गुदरला असावा, असा त्याचा समज झाला.

मग मी ठरवलं, परदेशी बाटल्या नकोत, गावात मिळेल त्यावर भागवू. स्वदेशीचं हे माझं आंदोलन केळ्यापासून सुरू झालं. पिकलेलं केळं मिक्सरमधून लोण्यासारखं काढून केसांना लावायचं. मी केळं सोललं आणि लाइट गेली. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं, होय, मी अंबाजोगाईच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते, तर अशा बाईनं तिथं थांबायला हवं होतं. मी केळं हातानं कुस्करलं. हातानं कुस्करलेल्या केळ्यात धागे राहतात, गुठळ्या राहतात, आणि कुरळ्या केसांना धरून ठेवायला काहीही चालतं. ते वाळलं तेव्हा आईनं फणी घेतली, मावशीनं खोबरेल घेतलं आणि संध्याकाळच्या दिवाबत्तीपर्यंत दोघी माझ्या डोक्यातून फळाहार काढत बसल्या. मानेपाशी एक गठ्ठा मात्र सुटेना. शेजारच्या काकूंनी तो बोटानं दाबून पाहिला आणि आवाज खाली आणून विचारलं, “जट तर न्हाई ना?”

इथं हसणं थांबवून एक सांगितलं पाहिजे. तेल-पाणी-फणी न झालेल्या केसाचा गुंता होतो, गुंत्यात मळ साचतो, आणि आपल्याकडं त्याला देवीची जट म्हणून बायका वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर वागवतात. कापली तर कोप होईल या धाकानं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी शंभराहून अधिक बायकांच्या जटा समजूत घालून कापल्या आहेत. आमच्या काकूंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंग तुझी बी काप.” आईनं कात्री आणली. मानेपाशी दोन बोटं रुंदीचा टक्कल-पट्टा पडला, तो वरच्या केसांनी झाकला. कुरळ्या केसांचा हा एक गुण मानावाच लागेल, ते पुष्कळ काही झाकतात.

कापलेला गठ्ठा आजीनं टाकला नाही. विंचरताना निघालेले केस ती गोळा करून पत्र्याच्या सांदीत खोचून ठेवते. महिन्या-दोन महिन्यांनी गल्लीत “केसावर भांडेऽऽ” अशी हाळी येते, मग त्या गोळ्यांवर कधी चहाची गाळणी मिळते, कधी स्टीलची वाटी. या वेळी त्या भांडेवाल्यानं आजीचे पांढरे केस घेतले, आईचे घेतले. माझा गठ्ठा तळहातावर तोलला, ताणून पाहिला, नाकाला लावून पाहिला आणि परत दिला. “याला भाव न्हाई, बाई. अन् याला केळ्याचा वास कामून येतोय?”

आता जवसाबद्दल. यावर जरा बैजवार बोलायला हवं, कारण माझ्या बेइज्जतीचा मोठा वाटा जवसाचा आहे.

जवस आमच्याकडचंच. पूर्वी रब्बीत ज्वारीच्या कडेनं त्याची निळी फुलं दिसायची. आता सोयाबीन आणि हरभऱ्यापुढं ते मागं पडलं, पण जवसाची चटणी नाही असं घर आमच्या भागात सापडायचं नाही. जवसाच्या सालीत एक चिकट द्रव्य असतं. दाणे पाण्यात उकळले की ते सुटतं आणि पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतकं दाट होतं. ते गाळून ओल्या केसांना लावलं की केसावर पातळ पापुद्रा धरतो आणि बट जागची हलत नाही. शहरात हेच जेल बाटलीत भरून विकतात, आणि किंमत पाहिली तर वाटतं, आमच्या मळ्यात आपण पैसाच पेरत होतो.

चुलतभावाचं लग्न आलं. मी आदल्या रात्री जवस उकळलं. ते गरम असतानाच गाळायचं असतं, गार झालं की फडक्यातून उतरत नाही. हे मला गार झाल्यावर कळलं. मग मी फडकं पिळलं. जवस फडक्याच्या दुसऱ्या बाजूनं निसटलं आणि भिंतीवर गेलं. उरलेलं वाटीभर जेल फ्रिजमध्ये झाकून ठेवलं आणि झोपले. सकाळी वाटी रिकामी. आजीनं रात्री उठून ती घेतली होती, काढा समजून. जवस पोटाला चांगलं, हे तिला माझ्या शास्त्राच्या आधीपासून ठाऊक. सकाळी परसाकडून आली ती प्रसन्न मुद्रेनं. “बाई, तू केलेल्या सगळ्या उपायात ह्योच काय तो लागू पडला.”

दुसरं जेल केलं, गडबडीत, जास्त दाट. ओल्या केसांना भरपूर चोपडलं, बोटांनी बटा वळवल्या, पंख्याखाली वाळवल्या. आरशात पाहिलं आणि खरंच सांगते, आत्याच्या पोरीचा हेवा संपला. बटांना हात लावला तर कडक, पण दिसायला देखण्या. असं कडक झालेलं जेल हातानं चुरगाळून मोडायचं असतं, मग केस मऊ होतात. कागदावर पुढच्या पानावर ते होतं. पुढचं पान बाबांनी किराणा यादीला वापरलं होतं.

मांडवात मंगलाष्टकं सुरू झाली. आमच्याकडं अक्षतांना रंगवलेली ज्वारी. मी नवरदेवाच्या मागं, करवल्यांच्या रांगेत, म्हणजे अगदी माऱ्याच्या टप्प्यात. ‘सावधान’ झालं की चारी दिशांनी ज्वारी येत होती. इतरांच्या डोक्यावरून ती घरंगळून खाली पडत होती. माझ्या बटांत ती जाऊन बसत होती. उन्हं चढली, मांडवात घाम, आणि घामानं जेल पुन्हा ओलं झालं, ज्वारी रुतली. मग पंख्यासमोर बसले तर पुन्हा वाळलं. ज्वारी पक्की झाली. जेवायच्या पंगतीत विहीणबाई माझ्याकडं बघून थबकल्या. एव्हाना जेलचे पांढरे पापुद्रे निघून काळ्या ब्लाउजच्या खांद्यावर सांडले होते. त्या मायेनं म्हणाल्या, “कोंडा लई झालाय, लिंबू लावीत जा.” आणि मग जरा वाकून, “अन् हे लाल-पिवळं काय?” दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात फळ्याकडं वळले की टेबलावर टक्-टक् दाणे पडायचे. मागच्या बाकावरचं एक कार्टं म्हणालं, “बाई, पेरनी झाली का?” मी त्याला बाहेर उभं केलं नाही. प्रश्न रास्त होता.

लिंबू मी लावलं नाही, पण आंबट काहीतरी हवं हे मनात राहिलं. केसाला किंचित आम्लच मानवतं. अल्कधर्मी साबणानं त्याचे बाहेरचे खवले उघडतात आणि तो राठ होतो. म्हणून लोक सफरचंदाच्या व्हिनेगरनं शेवटचं पाणी घेतात. आमच्याकडं सफरचंद परवडत नाही, व्हिनेगर मिळत नाही. पण हरभऱ्याची आंब आहे. थंडीत हरभऱ्याच्या पानांवर आम्ल सुटतं. त्यात मुख्यतः मॅलिक आम्ल असतं, सफरचंदाला आंबटपणा देणारं तेच. रात्री पिकावर धुतलेलं फडकं पसरायचं, पहाटे दवासकट पिळून घ्यायचं. पोटदुखीवर ही आंब आमच्या भागात पिढ्यानपिढ्या देतात. मी डिसेंबरच्या पहाटे काकांच्या शेतात धोतराचं फडकं घेऊन ओळीओळीनं वाकत चालले असताना बांधावरून कुणीतरी काठी आपटून ओरडलं. घाटे चोरणारी समजून. नाव सांगितलं, कारण सांगितलं. नाव त्याला पटलं. आंब जेमतेम चमचा-दोन चमचे निघाली. पाण्यात न मिसळता टाळूला लावली आणि मग मी जी मोरीकडं धावले ती आजही गल्लीत सांगतात. अनवाणी हरभऱ्यात चालणाऱ्याचे पाय का चरचरतात, हे ज्या बाईला लहानपणापासून माहीत आहे तिनं हे करावं! आजीनं टाळूला लोणी चोळलं आणि चोळता चोळता तिचा एक प्रश्न आला.

“डोस्कं कंच्या पान्यानं धुतीस?”

“बोअरच्या.”

“ज्या पान्यात तुरीची डाळ शिजत न्हाई, त्या पान्यात केस धूत असतेत का, माय?”

घरात डाळ-भाताला पाणी आडाचं, धुण्या-भांड्याला बोअरचं, ही वाटणी माझ्या जन्माच्या आधीची. खडकाच्या पोटातून खोल उपसलेलं ते पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन वर येतं. पिण्याच्या पाण्यात असा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत सोसावा, असं भारतीय मानक सांगतं. साबण लावला की या क्षारांशी त्याचा साका होतो, तो केसावर बसतो, आणि मग केळं लावा नाहीतर केशर, वरवरच राहतं. हे मी दर वर्षी आठवीला शिकवते. दुष्फेन पाणी, सुफेन पाणी, फरक स्पष्ट करा, गुण तीन. पाणी तापवायच्या हीटरच्या कॉइलवर पांढरा जाड थर साचतो, तो मी दर रविवारी चाकूनं खरवडत होते. तो थर आणि माझं डोकं एकाच बादलीतून निघतात, हा दुवा जोडायला बिगरशाळेच्या म्हातारीची गरज पडली.

तेलाच्या बाबतीतही तिचीच बाजू भक्कम निघाली. 2003 साली रेले आणि मोहिले या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफूल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी लावा की नंतर, केसातल्या प्रथिनांची झीज कमी केली ती खोबरेलानंच. कंपनी खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवून वाचावं. पण त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यानं तो केसाच्या आत शिरतो, हे कारण पटण्यासारखं आहे. मी मात्र आजीइतकं तेल घालत नाही. आदल्या रात्री थोडं, शेंड्यांना जास्त, टाळूला कमी. थंडीत बाटली उन्हात ठेवते. धुवायला शिकेकाई, किंवा सौम्य शॅम्पू. केस ओले असतानाच रुंद दातांचा कंगवा. आणि शेवटचे दोन तांबे पाणी थेट बोअरचं नाही: उकळून, रात्रभर निवू देऊन, वरचं निवळ ओतून घेतलेलं. उकळल्यानं सगळा कठीणपणा जात नाही, पण जो जातो तो पातेल्याच्या बुडाशी पांढरा दिसतो. न्यूयॉर्कच्या बाईंचं बनियनही मी ठेवलं आहे, ते खरंच उपयोगी आहे. दूधवाल्याला आता सवय झाली.

केस अजून कुरळेच आहेत आणि पावसाळ्यात फुलतातच. जिनिव्हाच्या सोस्यूर यांनी 1783 मध्ये माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचं वर्णन छापलं होतं. हवेत ओल आली की केस लांबतो, कोरड पडली की आखडतो. जून उजाडला की बाबा सकाळी बातम्यांआधी माझ्याकडं एक नजर टाकतात आणि बी-बियाण्याचं बोलू लागतात. त्यात माझं कौतुक नसतं, पण उपयोग असतो.

राहता राहिलं पागोळीचं पाणी. पावसाच्या पाण्याइतकं सुफेन पाणी दुसरं नाही, आणि त्यानं धुतलेला केस हाताला वेगळाच लागतो. आमच्या घरावर स्लॅब आहे. सिमेंटवरून वाहिलेल्या पाण्यात चुना उतरतो. गल्लीत ज्यांच्या घरावर अजून पत्रे आहेत त्यांना विनंती, मृगाचा पहिला सडाका पत्र्यावरची धूळ आणि कबुतरांची घाण घेऊन जातो, तो वाहू द्यावा. त्यानंतरचं पाणी झाकणाच्या भांड्यात धरावं आणि दोन घागरी मला द्याव्यात. बदल्यात वाटीभर जवसाची चटणी मिळेल. जेल मागू नये, ते आजीला लागतं.